चार गुंजांचा छरा

लकडगंजात राहायचे तर माणसाच्या कानांना थोडी शिस्त लागते. आरागिरणीचे पाते सकाळी ओंडक्यात शिरले की जो स्वर लागतो, तो संध्याकाळपर्यंत उतरत नाही. त्यात दिवाळीच्या चार दिवसांत टिकल्यांच्या पिस्तुलांची भर पडते. मुले लाल टिकल्यांची गुंडाळी पत्र्याच्या पिस्तुलात अडकवतात, दहातल्या चार वाजतात, सहा फुसक्या निघतात आणि मग ‘टिकल्याच वाईट आहेत’ म्हणून दुकानदाराचा उद्धार होतो. पिस्तूल वाईट आहे किंवा आपला हात वाईट आहे, असे म्हणणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या घरात गेल्या तीन वर्षांपासून पिस्तूल बारमाही झाले आहे. धाकटी मुलगी एअर पिस्तुलाच्या स्पर्धांत उतरते. हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी आमच्याकडे हळदीकुंकवाला येणे काही दिवस लांबणीवर टाकले होते. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलहून अधिक जोर नसलेल्या अशा पिस्तुलाला परवानासुद्धा लागत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले; पण ज्यूल या शब्दाने त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

नेमबाजांना दारूगोळ्याचे वेड किती असते, ते मला माझ्या मावसभावाने दाखवले. तो अमेरिकेत ओहायो राज्यात असतो आणि स्पर्धेच्या पिस्तुलाची काडतुसे घरीच भरतो. काडतुसाचे घटक चारच: पितळी नळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की टोपी निकामी होते, दारू जळून जाते, गोळी निघून जाते. उरते ती नळी. हा गृहस्थ जमिनीवरच्या नळ्या पेरू वेचावेत तशा वेचतो, यंत्रात दाबून मूळ मापावर आणतो, जुनी टोपी काढून नवी बसवतो, दारू तोलून ओततो आणि वर गोळी बसवतो. गोळीचे नाक सपाट असते, कारण सपाट नाकाने कागदाला स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद होत नाहीत. गोळी बसवण्यापूर्वी तो उभ्या केलेल्या सगळ्या नळ्यांत बॅटरीचा झोत टाकून पाहतो: एखादी रिकामी राहिली तर नाही ना, आणि त्याहून वाईट म्हणजे एखादीत दारू दोनदा तर पडली नाही ना! त्या वेळी त्याच्या बायकोनेही त्याच्याशी बोलायचे नाही, असा दंडक आहे. तिला तो मान्य आहे, हे विशेष.

दारू तो ‘ग्रेन’मध्ये तोलतो. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. आपल्या सराफांची गुंज हेही एक बीच; आणि एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. सोने तोलणारा आणि बार तोलणारा, दोघेही शेवटी शेतातल्या दाण्यापाशी येऊन थांबले, याची मला मोठी मौज वाटली.

हा गृहोद्योग लकडगंजात मात्र उघडता येत नाही. आपला १९५९चा शस्त्र कायदा काडतुसाच्या सुट्या भागांना आणि ती बनवण्याच्या यंत्रालाही दारूगोळाच समजतो, आणि बनवायला परवाना मागतो. शिवाय मुलींच्या पंचवीस मीटरच्या स्पर्धेत जे पॉइंट टू-टू काडतूस चालते, त्याची ठिणगीची पूड नळीच्या कडेतच भरलेली असते. ती नळी पुन्हा भरून वापरताच येत नाही. आणि खरे सांगायचे तर, चहूबाजूंनी वाळलेले सागवान रचलेले असताना दारू तोलत बसणारा शेजारी कोणाला हवा आहे?

उरला एअर पिस्तुलाचा छरा. हा शिशाचा, कमरेत बारीक, थेट शंकराच्या डमरूसारखा; तोंडाने सपाट आणि मागून पोकळ. वजन सुमारे अर्धा ग्रॅम, म्हणजे चार गुंजा. दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचे वर्तुळ असते ११.५ मिलिमीटरचे, आपल्या शर्टाच्या बटणाएवढे. तिथे सव्वा तासात साठ छरे मारायचे. पूर्वी मुलींना चाळीसच असत. २०१८पासून मुलांइतकेच झाले.

गेल्या पावसाळ्यात एका स्पर्धेहून मुलगी परत आली आणि दाराशीच म्हणाली, “बाबा, छरेच खराब होते.” जेवताना ती दुसरे वाक्य बोलली, “यंदापासून सोडून देते. पैसे वाया जातात.” तिची आई गप्प बसली. मी दुसऱ्या वाक्यापेक्षा पहिल्याचाच विचार करत राहिलो. छरे खराब असतील तर दुसरे आणता येतील. ते चांगले असतील, तर तिला कळायला हवे. काहीही असो, खेळ सोडायचा तो खरे कारण कळल्यावर सोडावा, एवढे मला हवे होते.

इतवारीतल्या एका सराफ मित्राकडून मी मिलिग्रॅम दाखवणारा जुना काटा मागून आणला. पाचशे छऱ्यांचा डबा उघडला. आधी प्रत्येक छरा काचेवरून घरंगळत सोडायचा. ज्याची कड चेपलेली असते तो लंगडत जातो. असे सतरा निघाले. मग बाकीचे तोलून वजनाप्रमाणे वेगळे करायचे. त्यासाठी घरातला जुना मिसळणाचा डबा सोयीचा पडला.

“काय करून राहिले हो तुम्ही?” सौभाग्यवतीने विचारले.

“छरे निवडतो आहे.”

“निवडा. पण त्या डब्यात आता पुन्हा मोहरी जायची नाही, सांगून ठेवते.”

तिचे बरोबरच होते. शिसे हे विष आहे. हात साबणाने धुतल्याशिवाय मला पाण्याच्या माठालाही शिवायची परवानगी नव्हती.

आठ रात्री हे काम चालले. मला ते आवडले, हे लपवण्यात अर्थ नाही. गिरण्या थंडावलेल्या, लाकडाच्या भुशाचा वास आणि समोर काट्याचे आकडे. मुलगी पहिल्या दिवशी लांबून पाहत होती, तिसऱ्या दिवशी समोर येऊन बसली.

मग प्रशिक्षकांनी तिचे पिस्तूल शिकंजात घट्ट आवळून दिले आणि आम्ही निवडलेले व न निवडलेले छरे पाच-पाच मारून पाहिले. निवडलेल्या पाचांचे मिळून एकच भोक पडले, छऱ्याहून थोडेसे मोठे. न निवडलेल्यांचे भोक त्याहून केसभर रुंद, पण तेही दहाच्या वर्तुळात आरामात मावणारे. चेपलेले मात्र खुशाल बाजूला गेले. पुढचा आठवडाभर मी तिला खुणेच्या पुड्या दिल्या. कोणत्या पुडीत काय, ते मलाच ठाऊक. गुण सगळ्या पुड्यांचे सारखेच भरले. चुकलेले छरे सगळ्या पुड्यांतून एकाच बाजूला पडत होते, खाली आणि डावीकडे.

स्कूटरवर मागे बसून ती टेलिफोन एक्स्चेंज चौकापर्यंत काही बोलली नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, “म्हणजे माझं बोट.”

चाप ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागावा, असा नियम आहे. छऱ्याच्या वजनाच्या हजारपट! बोटाने तो हळूहळू वाढवत न्यायचा. घाई केली की उजव्या हाताच्या माणसाची नळी खाली-डावीकडे झुकते.

“पण मनू भाकरचं पिस्तूल तर खरंच बिघडलं होतं ना?” दोन दिवसांनी तिने विचारले. होते. २०२१ साली टोकियोत ऐन स्पर्धेत बिघडले, दुरुस्तीत वेळ गेला, अंतिम फेरी थोडक्यात हुकली; आणि २०२४ साली पॅरिसमध्ये तिनेच दोन कांस्यपदके मिळवली. सामान कधीच दगा देत नाही, असे मी मुलीला म्हणालो नाही. म्हणूनच तर तपासून पाहायचे.

दरम्यान आमच्या गल्लीतल्या सुताराला तिच्या पिस्तुलाच्या मुठीचा पत्ता लागला. ती अक्रोडाची आहे हे त्याला अपमानास्पद वाटले. बल्लारशाचे सागवान असताना अक्रोड कशाला? मोठ्या मुश्किलीने मी त्याला थोपवले, कारण अख्खे पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे लागते आणि आमच्या सुताराचा हात सढळ आहे. पण अंगठ्याखाली जिथे रुतत होते तिथे त्याने कानस अशी फिरवली की मुलगी त्याला वाकून नमस्कार करून आली.

सोडण्याची भाषा तिने पुन्हा काढली नाही. आता ती रोज अर्धा तास छऱ्याशिवायच चाप ओढते, भिंतीकडे तोंड करून. दिवाळी आटोपली की तिला पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जायचे आहे. परवा चकल्यांचा घाणा निघत असताना ती आपली बॅग भरत होती.

“छरे किती घेतलेस?”

“नव्वद.”

“लागतात साठच.”

“बाकीचे नेम जुळवायला.” मग बॅगेची चेन ओढत म्हणाली, “आणि बाबा, न तोललेलेच घेतलेत. कडा तेवढ्या पाहिल्या.”