हातचं राखणारं आम्ल

माडाच्या पोयीतून झिरपणारी सूर झाडावर असतानाच आंबायला लागते. यीस्ट तिच्यातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. तिथून पुढचं काम ॲसेटोबॅक्टर जिवाणूंचं. त्यांना ऑक्सिजन लागतो, म्हणून मडक्याला झाकण न लावता मी तोंडाला फडकं बांधते. काही आठवड्यांत दारूचा दर्प ओसरतो आणि वास नाकाला झोंबू लागतो. सुरेचं व्हिनेगर झालं, हे नाकाला कळतं. किती झालं, ते मोजावं लागतं.

नवशिके सामूच्या कागदाची पट्टी बुडवतात. ती अडीचच्या आसपासचा रंग दाखवते आणि ते खूश होतात. माझा त्या पट्टीवर भरवसा नाही. पाच टक्क्यांच्या व्हिनेगरात ॲसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी जेमतेम चार-पाच हायड्रोजन आयन सोडतात. बाकीचे अखंड राहतात. हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तर जवळपास सगळ्यांनीच सोडला असता. हे सौम्य आम्ल हातचं राखून वागतं. व्हिनेगर पाण्याने दहापट पातळ केलं, तरी सामू जेमतेम अर्ध्या अंकाने चढतो. पाणी मारलेला माल पट्टीवरून खपून जातो, तो यामुळेच.

म्हणून मी अनुमापन करते. पाच मिलीलिटर व्हिनेगर, थोडं उकळून गार केलेलं पाणी, फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब. वरून ब्युरेटमधून एक नॉर्मल कॉस्टिक सोडा. सुटे आयन संपले की राखीव रेणू फुटतात, तेही संपले की आणखी. साठा सरला की फिकट गुलाबी रंग टिकून राहतो. दर मिलीलिटर सोड्यामागे ०.०६ ग्रॅम आम्ल धरायचं; ३.३ मिलीलिटर लागले, तर व्हिनेगर चार टक्क्यांचं. आंबवून केलेल्या व्हिनेगरात आपल्याकडच्या नियमानुसार किमान ३.७५ टक्के आम्ल हवं.

लोणचं टिकवण्यातही या न फुटलेल्या रेणूंचाच मोठा वाटा असतो. हायड्रोजन आयनाला जिवाणूच्या पेशीपटलातून सहज शिरता येत नाही, अखंड रेणूला येतं. आतला सामू सातच्या जवळपास. तिथे पोचल्यावर तो फुटतो आणि पेशीचा कारभार बिघडवतो. त्यामुळे सामू सारखाच ठेवला, तरी ॲसेटिक आम्ल जंतूंना हायड्रोक्लोरिकपेक्षा जास्त रोखतं. कोळंबीच्या बलचांवात व्हिनेगर किती घालायचं, हे मी जिभेला विचारते. बाटलीवर टक्के लिहिताना मात्र ब्युरेटचंच ऐकते.