वेटिंगचा नंबर

रेल्वेमुळे ‘वेटिंग’ हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं वेटिंग तिकीट ज्याच्या खिशात कधीच नव्हतं असा सोलापूरकर सापडणं अवघड. वर्गात मी मराठीच्या तासाला ‘प्रतीक्षा यादी’ शिकवते आणि उर्दूच्या तासाला ‘फेहरिस्त-ए-इंतजार’. पण दहावीला माझ्या हाताखालून गेलेल्या मुली बारावीच्या निकालानंतर भेटायला येतात, तेव्हा दारातूनच सांगतात, “आपा, वेटिंग में नाम आया.” चेहरा असा, जणू नापासच झाल्या.

गाडीच्या वेटिंगमध्ये आपल्याला करण्यासारखं काही नसतं. चार्ट लागतो, मेसेज येतो, संपलं. कॉलेजच्या वेटिंगचं तसं नाही. तिथे नंबर वर सरकतो तो कुणीतरी जागा सोडतो म्हणून. बी.एस्सी.च्या यादीत वरच्या नंबरवर असलेल्या पुष्कळ मुलामुलींचं मन मुळात दुसरीकडे असतं. फार्मसी, इंजिनिअरिंग, नर्सिंगच्या फेऱ्या लागल्या की ती तिकडे जातात. जागा रिकामी होते आणि कॉलेज खालच्या नंबरला बोलावतं. त्या वेळी जिचा फोन लागतो, जिची कागदपत्रं तयार असतात आणि जी दोन दिवसांत फी भरू शकते, तिला ती जागा मिळते. मार्कांनी तिला रांगेत उभं केलेलं असतं. पुढचं काम मार्कांचं नसतं.

माझं स्वतःचं बी.एड. वेटिंगमधूनच झालं. तेव्हा बी.एड. एका वर्षाचं होतं. यादी कॉलेजच्या बोर्डवर टाचणीने लावलेली असायची. माझा नंबर अकरावा. अम्मीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “नसीब में होगा तो होगा.” अब्बा शिवणकाम करायचे. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते माझ्याबरोबर कॉलेजात आले आणि खिडकीपलीकडच्या क्लार्कला त्यांनी एकच प्रश्न विचारला, “साहेब, गेल्या साली वेटिंग कुठपर्यंत गेलं होतं?” क्लार्कने रजिस्टर काढलं. सतरापर्यंत गेलं होतं. अब्बा परत येताना काही बोलले नाहीत, पण त्या रात्री घरात नसीबाऐवजी फीच्या पैशांची गोष्ट झाली. चौथ्या आठवड्यात मला बोलावणं आलं तेव्हा पैसे डब्यात तयार होते.

तोच प्रश्न मी आजही प्रत्येक मुलीला पाठ करायला लावते. गेल्या वर्षी वेटिंग कुठे थांबलं? माझं नाव कोणत्या प्रवर्गाच्या यादीत आहे? पुढची यादी कधी, आणि ती बोर्डवर लागणार की मेसेज येणार? ही माहिती विचारायला कुणाची ओळख लागत नाही. तरी आमच्या मुली खिडकीपाशी जाऊन नुसती यादी बघून परततात. मराठीत बोलायला संकोच वाटतो, हे त्याचं खरं कारण. म्हणून दहावीच्या वर्गात अर्जलेखन शिकवताना ‘पाच दिवसांची रजा मिळणेबाबत’ हा अर्ज मी एकदाच घेते. उरलेले अर्ज प्राचार्यांना असतात: ‘प्रतीक्षा यादीतील प्रवेशास इच्छुक असल्याबाबत’. अशा अर्जाने नंबर वर जात नाही, गुणवत्ता यादी गुणांवरच चालते. पण शेवटच्या दिवसांत जागा भराभर रिकाम्या होतात, तेव्हा कोण अजून थांबलंय हे कार्यालयाला माहीत असलेलं बरं. आणि स्वतःच्या हाताने अर्ज लिहून आवक शिक्का घेऊन आलेली मुलगी पुढच्या वेळी खिडकीपाशी घाबरत नाही.

दुसरी गोष्ट फोनची. फॉर्म सायबर कॅफेत भरला जातो आणि नंबर बहुतेक वेळा भावाचा असतो. भाऊ पुण्याला कामावर, किंवा फॉर्म भरणाऱ्या पोराने ओटीपीच्या घाईत स्वतःचाच नंबर टाकलेला. कॉलेज बोलावतं आणि घरी पत्ताच नसतो. ज्या घरात मुलीच्या हाती फोन द्यायचा नाही असं ठरलेलं असतं, तिथे मी आईचा नंबर द्यायला सांगते आणि आईला बजावते, हे दोन महिने अनोळखी नंबरही उचला.

तिसरी गोष्ट, तोवर दुसरीकडे मिळालेली जागा घेऊन ठेवायची. लोक घाबरतात की फी बुडेल, मूळ कागद अडकतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये याबाबत नियम काढले आहेत. मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यायची, कॉलेजने ठेवून घ्यायची नाहीत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क कापून बाकी फी परत. जितका उशीर तितकी कपात जास्त, आणि शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच नाही. म्हणून ही तारीख वहीत लिहून ठेवायची.

पण आमच्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते कागदांवर. एका मुलीची गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. वडील फळांची गाडी लावतात. घराणं बागवान. बागवान, तांबोळी, मोमीन हे महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात आणि त्या प्रवर्गाला राज्यात १९ टक्के आरक्षण आहे. पण मुलीच्या दाखल्यावर आडनाव शेख आणि जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’. वडिलांच्या दाखल्यावरही तेच. बारावी सायन्सला चांगले मार्क, तरी खुल्या यादीत वेटिंग तेवीस.

ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वडील म्हणाले, “आपा, कागद कहां से लाएंगे? दादा तो नळदुर्ग के थे.” मला तिथेच धागा सापडला. नळदुर्ग निजामाच्या राज्यात होतं आणि त्या काळात शाळांची दप्तरं उर्दूत असत. वडील तिकडे गेले. शाळेतल्या लोकांनी जुनं रजिस्टर काढून दिलं, पण ते कुणालाच वाचता येईना. त्यांनी पानांचे फोटो मला पाठवले. अकराव्या फोटोत दादांचं नाव सापडलं. साल १३५५ फसली, म्हणजे १९४५-४६. कौमच्या रकान्यात ‘बागबान’. मी फोन केला तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, “मेरे बाप का नाम आपने पढ़ा.”

तो दाखला त्या वर्षी उपयोगी पडला नाही, हेही सांगायला हवं. प्रांत कार्यालयातून तो हाती येईपर्यंत प्रवर्गाच्या याद्या बंद झाल्या होत्या. तिला खुल्याच यादीत थांबावं लागलं. आणि थांबणं हीच आमच्या घरांतली सगळ्यात महाग गोष्ट. मुलगी दोन महिने घरी दिसली की मावशी, फुप्पी स्थळं आणू लागतात. “अॅडमिशन नहीं हुआ ना?” एवढ्या एका वाक्यावर निर्णय होतात. तेवीस हा नंबर वडिलांना नकारासारखाच ऐकू येत होता. मी त्यांच्याकडून एवढंच मागितलं की प्रवेशाची शेवटची तारीख जाईपर्यंत घरात कुणाला बसवून चहा पाजायचा नाही. त्यांनी कॅलेंडरवर ती तारीख मला दाखवून गोल केली. तोवर मुलीने दुसऱ्या कॉलेजात बी.ए.ची जागा घेऊन ठेवली आणि तिथले तासही केले. घरातून रोज बाहेर पडणारी मुलगी ‘बसलेली’ दिसत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

फार्मसी आणि इंजिनिअरिंगच्या फेऱ्या संपता संपता यादी हलली. आधी सोळापर्यंत, मग एका आठवड्यात सव्वीसपर्यंत. आईचा फोन वाजला तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हाताने तिने तो उचलला.

यावरून कुणी म्हणेल, शेवटी नशिबानेच झालं. सव्वीसपर्यंत यादी जाणं आमच्या हातात नव्हतं, खरं आहे. पण याच यादीत तिच्या वरच्या काही मुलींना फोन लागला नाही किंवा त्या वेळेत पोचल्या नाहीत. त्या मुलींचाही हक्क होता. मला त्यांचंही वाईट वाटतं, आणि म्हणूनच मी हे लिहिते आहे.

शेख, सय्यद, पठाण घरांतल्या ज्यांना ओबीसी लागू नाही, त्यांनीही लक्षात ठेवा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा आहेत. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि बाकी अटींत बसत असाल तर तहसीलमधून तो दाखला काढता येतो. अल्पसंख्याक कॉलेजांत जातीचं आरक्षण नसतं, तिथे समाजाचा वेगळा कोटा असतो. त्याचा फॉर्म वेगळा भरावा लागतो का, ते आधीच विचारा. आणि हे सगळं बारावीच्या निकालानंतर नव्हे, मुलगी नववीत असतानाच सुरू करा. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, हे आज रात्रीच बघा.

ती मुलगी आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे बी.एड.ची सीईटी देणार म्हणते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरांतल्या मुलींना सरकारी प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जागा मिळाली तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं आहे. दादांच्या त्या एका ओळीचा उपयोग आता होईल. धाकटा भाऊ यंदा अकरावीला गेला. त्याच्या फॉर्मवर जातीचा रकाना तिने स्वतः भरला आणि मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “आपा, स्पेलिंग चेक करो.”