घर ११ महिन्यांचं, औषध ६ महिन्यांचं
भाईंदर पूर्वेच्या खारी गावात मीही सुरुवातीला भाड्यानेच राहिलो. ११ महिन्यांचा करार संपला की टेम्पो बोलवायचा, हे अंगवळणी पडलं होतं.

तेव्हा क्षयाचा एक तरुण रुग्ण तिसऱ्या महिन्यात यायचा थांबला. पुन्हा आला तो खोकतच. घरमालकाला आजार कळल्यावर खोली सोडावी लागली. विरारला गेला आणि गोळ्या सुटल्या.

खोकला थांबला म्हणजे क्षय बरा झाला असं नाही. साध्या क्षयाचा कोर्सही साधारण ६ महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर जंतू औषधांना दाद देईनासे होऊ शकतात.

घर बदलताना डॉक्टरांना आधी सांगा. निक्षय आयडीवर नव्या ठिकाणच्या सरकारी केंद्रात उपचार मोफत सुरू राहतात. करारासोबत फाईलही जपा.