सरांनी टाकलंय

केडगाव स्टेशनपासून पाचेक किलोमीटरवरच्या गावात मी तेवीस वर्षं शिकवतोय. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेली आहेत. "सरांनी टाकलंय म्हणजे खरंच असणार," असं ती म्हणायची आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. 2024 च्या जूनमध्ये याच विश्वासापायी दोन माणसांना मार बसला.

तेव्हा शिरूर, दौंड, बारामती या सगळ्या पट्ट्यात रात्री ड्रोन फिरतात अशी चर्चा होती. आकाशातले दिवे मीही पाहिले होते. ते कुणाचे, कशासाठी, हे कुणालाच माहीत नव्हतं. आधी घरं हेरतात आणि मागून चोर येतात, एवढं मात्र प्रत्येक जण खात्रीनं सांगत होता. पोरं काठ्या घेऊन वेशीवर जागत होती. अशात एका रात्री साडेदहाला मला निरोप आला. शिरूर तालुक्यात ड्रोनवाली परप्रांतीय टोळी पकडली, दोघे निसटून दौंडकडे आलेत. सोबत रक्ताळलेल्या माणसाचा फोटो. मी तो गावच्या आणि पालकांच्या अशा दोन्ही ग्रुपांवर टाकला. वर स्वतःचं वाक्य जोडलं : अनोळखी कोणी दिसल्यास चौकशी करावी.

शिरूर तालुका आम्हाला भीमेपलीकडे. माझा मेहुणाच तिथे राहतो. त्याला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं की तिकडे कुणालाही पकडलेलं नाही. निरोपात गावाचं नाव नव्हतं, तारीख नव्हती, नुसतं 'आज रात्री' होतं. पुढे आठवड्यानं तोच मजकूर, तोच फोटो, फक्त शिरूरच्या जागी इंदापूर घालून माझ्याकडे परत आला.

ती दोन माणसं आमच्याच शिवारातल्या गुऱ्हाळावरची, उत्तर प्रदेशातली. गावाकडून आली होती, रात्रीच्या लोकलनं केडगावला उतरून पिशव्या घेऊन चालत निघाली होती. पोरांनी चौकशी केली. भीतीनं त्यांना धड बोलता येईना, आणि जे बोलले ते हिंदीत. एकाचा हात मोडला. मी पोचलो तेव्हा गुऱ्हाळाचा मालक मध्ये पडला होता. एका पोरानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, तुम्हीच टाकलं होतं ना?"

राईनपाड्याची घटना मी दरवर्षी वर्गात सांगत आलो होतो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून जगणारी माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण ते एकेक ठिकाण म्हणजे शेकडो माणसांचा ग्रुप असू शकतो, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. मी तर दोनच ठिकाणी टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर माफी मागितली. निरोप खोटा होता असं स्पष्ट लिहिलं, शाळेत तासही घेतला. आपलं काम झालं असं मला वाटलं, आणि या चुकीची खंत मला पहिल्या चुकीहून जास्त आहे. कारण ग्रुपवर गुऱ्हाळातलं कुणीच नव्हतं. ऊसतोडीला बीडहून येणारे नव्हते, गावाबाहेरची पारधी वस्ती नव्हती. ज्यांच्यावर संशय घेतला त्यांच्यापर्यंत माझा खुलासा पोचलाच नाही. चार महिन्यांनी गुऱ्हाळावर गेलो तेव्हा काहिलीजवळ बसलेल्या गुळव्यानं त्याचा फोन दाखवला. त्यावर वेगळंच चाललं होतं : बिहारी मजुरांना मारतानाचे व्हिडिओ, खाली लिहिलेलं, महाराष्ट्रात सुरू झालंय, गावी परता. 2023 च्या मार्चमध्ये तामिळनाडूच्या नावानं असेच खोटे व्हिडिओ फिरवले होते. त्यांतलाच एक मी ओळखला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मास्टरजी, हमारे आदमी का हाथ तो सच में टूटा था."

यावर मला उत्तर देता आलं नाही.

मोडलेल्या हाताचा माणूस त्या हंगामानंतर आला नाही. त्याचा नंबर मुकादमाकडून घेतला, एकदा बोललोही. तो काही रागावला नाही. घरी शेती बघतो म्हणाला. हात पूर्ण वर जात नाही.

1 ऑगस्ट 2025 ला यवतमध्ये सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून धार्मिक तणाव होऊन दगडफेक, जाळपोळ झाली. पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. यवत आम्हाला अगदी जवळ. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर अकरा निरोप येऊन पडले होते. एकही पुढे पाठवला नाही. मग आमच्या गावातल्या मुस्लिम पालकांकडे गेलो, तिथून पारधी वस्तीवर, तिथून गुऱ्हाळावर. या वेळी सांगायच्या आधी विचारलं, तुमच्याकडे काय आलंय? दोन तास आम्ही एकमेकांचे फोन बघत बसलो. त्यांच्याकडच्या तीन निरोपांबद्दल यवतला राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याला फोन करून विचारलं. तिन्ही खोटे निघाले. चौथा व्हिडिओ खरा की खोटा, ते मला कळलं नाही. गुळव्याला तसंच सांगितलं. त्यानं तो पुसला नाही, पण फोन उलटा करून ठेवला आणि चुलवाणात चिपाड सारायला उठला.