दोनदा अनारकली

सुलोचना म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सुलोचनादीदी येतात आणि ते अगदी साहजिक आहे. मला लिहायचं आहे ते त्यांच्याही आधीच्या सुलोचनेबद्दल. तिचं मूळ नाव रूबी मायर्स. १९०७ साली पुण्यात, बगदादी ज्यू घराण्यात ती जन्मली. पुढे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करत असताना दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी तिला पाहिलं आणि चित्रपटात काम कर म्हणाले. तिने आधी साफ नकार दिला. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती अण्णा साळुंक्यांनी रंगवली त्याला तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. घरंदाज बाईने कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं नाही हा दंडक अजून शाबूत होता. भवनानींनी पिच्छा सोडला नाही आणि १९२५ साली कोहिनूर फिल्म कंपनीच्या 'वीर बाला'त ती पडद्यावर आली.

बोलपट आला आणि मूकपटाच्या नट्या संपल्या, हे वाक्य मूकपटाच्या अभ्यासकाला आयुष्यभर ऐकावं लागतं. मीही ऐकत आले आहे. सुलोचनेच्या बाबतीत ते खरं नाही, आणि ते का खरं नाही हे नीट पाहिल्याशिवाय तिचं मोठेपण लक्षात येत नाही.

आधी तिच्या चेहऱ्याबद्दल. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल रंग पडद्यावर काळा उमटे. कपाळावरचं कुंकू म्हणजे काळा ठिपका. ओठांना लाली जराशी जास्त झाली की तोंड काजळ फासल्यासारखं दिसे. गव्हाळ कांती सावळी व्हायची आणि सावळी काळी. म्हणून पावडरीचे थर चढवावे लागत. अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींना मागणी होती, त्यामागे त्यांच्या घरांतली मोकळीक होती तशी ही फिल्मची खोडही होती. चेहरा त्यांचा घ्यायचा आणि नाव मात्र प्रेक्षकाला आपलं वाटेल असं द्यायचं. रेनी स्मिथची सीतादेवी झाली, रूबी मायर्सची सुलोचना. भाषेचा प्रश्नच नव्हता. संवाद पाट्यांवर येत, बहुधा एकाच पाटीवर दोन-तीन लिप्यांत, आणि थिएटरात ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी.

अशा वेळी नटीच्या हाती काय उरतं? देह. १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त सुलोचनेने आठ भूमिका केल्या. त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचं पोर होतं, सोनेरी केसांची युरोपियन बाई होती, केळी विकणारी म्हातारी होती आणि हातचलाख पाकीटमारही होता. आवाज बदलून सोंग वठवण्याची सोय नाही. पोलीस उभा राहतो कसा, केळीवाली म्हातारी पाटी खाली ठेवताना कंबरेत कशी वाकते, एवढ्यावर सगळा खेळ. नाटकाचा गंध नसलेल्या मुलीने दोन वर्षांत हे साधलं होतं. तिला नुसती 'सुंदर चेहरा' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

याच सुमारास ती अर्देशीर इराणींच्या इम्पीरियलमध्ये आली आणि बघता बघता कंपनीची सर्वांत मोठी तारका झाली. १९२८ साली लाहोरची एक कंपनी सीतादेवीला घेऊन अनारकलीची कथा पडद्यावर आणत होती. इम्पीरियलने घाईघाईने आपली 'अनारकली' पुरी केली आणि आधी लावली. दिग्दर्शक आर. एस. चौधरी, सलीम दिनशॉ बिलिमोरिया, अनारकली अर्थातच सुलोचना. तिचा पगार महिना ५,००० रुपये होता असं सांगतात आणि लगेच पुस्ती जोडतात की तो मुंबईच्या गव्हर्नरपेक्षाही जास्त. गव्हर्नरचा पगार वर्षाला लाखाच्या वर होता, तेव्हा हा हिशेब काही जुळत नाही. पण ५,००० ही रक्कमच त्या दिवसांत डोळे विस्फारणारी होती. तिला गव्हर्नरची उसनी उंची कशाला हवी?

मग १९३१ साल उजाडलं. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' याच इम्पीरियलचा, १४ मार्चला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, आणि नायिका होती झुबेदा. सुलोचनेला हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हतं. इथे मला एक गोष्ट कायम खुपते. नायक मास्टर विठ्ठल आपले मराठी, त्यांचंही उर्दू कच्चंच होतं. त्यांच्यासाठी पटकथेत वाट काढली गेली आणि नायकाला बराच वेळ गुंगीत ठेवलं. नायकाच्या जिभेची सोय झाली. कंपनी जिच्या नावावर चालत होती तिच्यासाठी अशी सोय कुणी केली नाही.

तिने रुसवा धरला नाही. ती वर्षभर बाजूला झाली आणि हिंदुस्थानी शिकली. १९३२ साली परतली ती 'माधुरी' घेऊन. हे नाव मुद्दाम लक्षात ठेवायचं, कारण १९२८ साली याच नावाचा तिचा मूकपट गाजला होता. १९२९ च्या 'इंदिरा बी. ए.'नंतर १९३४ साली बोलपट आला 'इंदिरा एम. ए.'. १९३५ साली पुन्हा 'अनारकली', दिग्दर्शक तेच, सलीमही तोच बिलिमोरिया. १९३६ साली 'बम्बई की बिल्ली', म्हणजे तीच 'वाइल्डकॅट'. आपलीच कामं, आपल्याच नावावर गाजलेली, ती एकामागून एक पुन्हा करत गेली आणि या वेळी स्वतःच्या तोंडाने बोलली. बोलपटाने संपवलेली नटी असं करत नाही. तिची पडती चालू झाली ती नंतर, इम्पीरियल सुटल्यावर आणि गाता गळा असलेल्या नायिकांचं राज्य आल्यावर. १९५३ सालच्या 'अनारकली'त बीना राय नायिका होती. सुलोचना त्यात सलीमची आई झाली. पुढे छोट्या छोट्या भूमिका करत राहिली. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. १९८३ साली ती गेली.

एकच नटी, एकच भूमिका, एकदा मूक आणि एकदा बोलकी. अभिनयाच्या अभ्यासाला यापेक्षा चांगलं साहित्य मागूनही मिळालं नसतं. पण मूक 'अनारकली' आणि 'वाइल्डकॅट' आज पाहायला मिळत नाहीत. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांच्या काही फेऱ्यांत मोजता येतील एवढेच शिल्लक आहेत. चालून जुन्या झालेल्या प्रती चांदीसाठी विकल्या गेल्या. फिल्मच्या थरात चांदी असते. नायट्रेटची रिळं सडली, जळाली. सीतादेवी आज 'प्रपंच पाश'मध्ये दिसते, कारण तो जर्मन आणि ब्रिटिश भागीदारीत निघाला आणि त्याची प्रत इंग्लंडमध्ये जपली गेली. सुलोचनेचे चित्रपट इथल्या प्रेक्षकांसाठी होते, इथेच झिजले.

तरी मी आशा सोडलेली नाही. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' चित्रपट-संग्राहक पी. के. नायरांना फाळके कुटुंबाकडच्या रिळांतूनच मिळाला. म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. आजोबा-पणजोबांचं तंबूचं थिएटर असेल, फिरता सिनेमा असेल, तर माळ्यावरच्या पेट्या भंगारवाल्याला देण्याआधी पाहा. जाहिरातींची पत्रकं, गाण्यांची चोपडी, फोटो, सगळं कामाचं आहे. रीळ सापडलं तर ते उलगडू नका, यंत्रावर चढवू नका. नायट्रेट झटकन पेट घेतं. डबा उन्हापासून आणि दिव्यापासून दूर ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. पाटीवर फक्त 'सुलोचना' एवढंच वाचता आलं तरी कळवा.