खाली वळलेला अंगठा

मंडळी, जालावर वावरणाऱ्यांना आता अंगठ्याची ओळख करून द्यायला नको. वर केला तर आवडले, खाली वळवला तर नावडले. काही ठिकाणी अंगठ्याऐवजी बाण असतात. २००५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या रेडिट या संकेतस्थळावर असे दोन बाण आहेत. खालचा बाण बऱ्याच जणांनी दाबला की ते लिखाण तळाला जाते, आणि फारच उणे झाले तर मिटलेले दिसते. मग मुद्दाम टिचकी मारणाराच ते वाचतो.

तिथल्या शिष्टाचारात म्हटले आहे की केवळ मत पटले नाही म्हणून उणे मत देऊ नये. पण नियम फळ्यावर लिहिला म्हणून वर्ग तो पाळतोच असे नाही, हे मास्तराला कुणी सांगायला नको. मुळात बाण एकच. 'हे चूक आहे', 'हे असभ्य आहे', 'हे मला रुचले नाही' आणि 'हा माणूसच मला आवडत नाही' हे चारही अर्थ त्यात कोंबलेले. ज्याला बाण लागतो त्याला यातला कुठला लागला ते कळत नाही.

मी आयुष्यभर वह्या तपासल्या. फुलीशेजारी 'प्रश्न पुन्हा वाच' किंवा 'ऱ्हस्व-दीर्घ बघ' एवढे लिहिले तरी मूल पुढच्या वेळी विचार करते. नुसती फुली दिसली की काही मुले वही मिटतात, काही चिडतात. शहाणे होणारे विरळाच.

याला संशोधनाचाही आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांनी चार संकेतस्थळांवरच्या वाचकांच्या प्रतिक्रिया तपासून २०१४ साली निष्कर्ष मांडले. ज्यांना उणे मते मिळाली ते गप्प बसले नाहीत. उलट जास्त लिहू लागले, पण आधीपेक्षा वाईट, आणि इतरांनाही जास्त उणे मते देऊ लागले. म्हणजे ज्याला सुधारायचे तोच बिघडतो आणि शेजाऱ्यालाही बिघडवतो! सोडून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त कुणाची होती? ज्यांना कुणीच काही म्हटले नाही, त्यांची.

पण खालचा अंगठा सरसकट वाईट, असेही मी म्हणणार नाही. यूट्यूबने २०२१ च्या नोव्हेंबरात नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला. लहान चित्रफीतकारांवर टोळीने तुटून पडणाऱ्यांना आळा बसावा, हे त्याचे कारण. हेतू चांगलाच, पण चुकीची माहिती देणारी चित्रफीत बघण्याआधीच सावध करणारी खूणही त्याबरोबर गेली, अशी तक्रार पुष्कळांनी केली. तीही खोटी नाही.

मला आवडलेली युक्ती स्टॅक ओव्हरफ्लो या संगणकतज्ज्ञांच्या स्थळाची. तिथे एखाद्याच्या उत्तराला उणे मत दिले की त्याचे दोन गुण जातात, पण देणाऱ्याचाही एक जातो. नापसंतीला थोडी किंमत मोजावी लागली की हात आपोआप जरा थबकतो.

हे सगळे आठवण्याचे कारण घरचेच आहे. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून प्रत्येक निरोपाला चिन्ह चिकटवता येते. आमच्या कुटुंबाच्या गटावर गावचे घर विकण्याचा विषय निघाला. थोरल्या वहिनींनी लिहिले, 'विकण्याआधी एकदा सगळे गावी जमू या.' पाच मिनिटांत चार अंगठे खाली. अक्षर एकाचेही नाही. कुणाला रजा मिळणार नसेल, कुणाला प्रवास झेपत नसेल, कुणाला विक्री लांबणीवर पडण्याची धास्ती असेल. कारणे रास्त असतीलही. पण वहिनींना दिसले ते चार अंगठे.

त्या दिवसापासून त्यांनी गटावर एक ओळ लिहिलेली नाही. जालावरचे अनोळखी लोक चिडून आणखी लिहितात. घरची माणसे बहुधा मिटून घेतात. त्या घरात सर्वांत जास्त वर्षे काढली त्या वहिनींनी. विहिरीत शेजाऱ्यांचा हिस्सा किती, परसातली वाट कुणाच्या हक्काची, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. आणि आता त्या घराचा निर्णय त्यांच्या शब्दाविना होऊ घातला आहे.

हे वाचणाऱ्यांत त्या चौघांपैकी दोघे तरी असतील. बाळांनो, रागावून लिहीत नाही. 'नाही' म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फक्त का नाही, ते दोन ओळींत वहिनींना कळवा. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही हल्ली, तेव्हा फोनच केलात तर उत्तम. दुपारी चारनंतर त्या जाग्या असतात.

असो. इतर वाचकांनी आपापले अनुभव जरूर लिहावेत. पटले नाही तर तेही लिहावे, मात्र शब्दांत.