आपल्या हातानें घेतलेला घास

निरोगी मनुष्य दिवसभरांत हातांनीं शेंकडों कामें करतो. पण त्यांतील एकाचीहि त्यास आठवण राहत नाहीं. सदऱ्याची गुंडी लावणें, तांब्या उचलणें, घास तोंडांत घालणें, हीं कामें इतकीं सहज होतात कीं, तीं एके काळीं आपणांस शिकावीं लागलीं होतीं, हेंच आपण विसरतों. रोगानें वा अपघातानें हरवलेलीं अशीं कामें पुन्हां शिकविणारें एक शास्त्र आहे. त्यास व्यवसायोपचार अथवा ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. येथें 'व्यवसाय' म्हणजे केवळ पोटाचा धंदा नव्हे. ज्या ज्या कामांनीं मनुष्याचा दिवस भरतो, तीं सर्व त्यांत येतात. मुलाचें खेळणेंहि येतें.

ह्या शास्त्राशीं माझी ओळख झाली ती माझ्या मामांमुळें. मामा सुतार. अर्धांगवायूनें त्यांची उजवी बाजू लुळी पडली. कांहीं आठवड्यांनीं ते काठीच्या आधारानें चालूं लागले. तरी अन्न मात्र त्यांना गोड लागेना, कारण मामी त्यांस भरवीत असे. रुग्णालयांतील व्यवसायोपचाराच्या बाईंनीं त्यांना पहिलाच प्रश्न केला, "काका, स्वतःच्या हातानें काय करावेंसें वाटतें?" मामा म्हणाले, "भाकरी मोडून खावीशी वाटते."

त्याच दिवशीं धडे सुरू झाले. थाळी सरकूं नये म्हणून तिच्याखालीं ओलें फडकें घातलें. चमच्याच्या दांड्यास कापड गुंडाळून तो जाड केला, म्हणजे सैल मुठींतहि राही. सदरा घालतांना लुळा हात आधीं बाहींत घालावा व काढतांना चांगला हात आधीं काढावा, हें शिकविलें. सर्वांत कठीण धडा मात्र मामीच्या वांट्यास आला: जवळ बसावें, पण हात पुढें करूं नये. एकेका गुंडीस दहा दहा मिनिटें लागत. मामीच्या डोळ्यांस पाणी येई, तरी ती बसून राही. तीन महिन्यांनीं मामांनीं उजव्या हातानें भाकरी दाबून धरली, डाव्यानें तुकडा मोडला आणि तो उजव्या हातानेंच कसाबसा तोंडाशीं नेला. रंधा पुन्हां त्यांच्या हातीं आला नाहीं. परंतु त्या दिवशीं ते पोटभर जेवले.

हें शास्त्र फार जुनें नाहीं. अमेरिकेंतील जॉर्ज बार्टन नामक वास्तुशिल्पी क्षयानें व पुढें पक्षाघातानें पीडित झाला असतां सुतारकाम व बागकाम करून सावरला. १९१७ सालीं क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथें ह्या शास्त्राची संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. आपल्या देशांत, जन्मानें अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत ह्या शास्त्राचें पहिलें विद्यालय सुरू केलें.

ह्या उपचाराचें क्षेत्र मोठें आहे. कुष्ठरोगानें ज्याच्या बोटांची संवेदना गेली, त्यास कढत भांड्याचा चटका कळत नाहीं. त्याच्या भांड्यास लांकडी मूठ बसविणें हा उपचारच. ज्या मुलाच्या बोटांत पेन्सिल ठरत नाहीं, त्याची पेन्सिल जाड करून देणें हाहि उपचारच.

विद्यार्थी मित्रहो, दुर्बलाचें काम आपण उरकून टाकणें सोपें असतें, आणि त्यांत वेळहि वांचतो. पण त्यामुळें त्याच्या हातचें काम जातें. घरीं आजोबा थरथरत्या हातांनीं गुंडी लावीत असतील, तर क्षणभर थांबा. जेथें अडेल तेथें हात द्या. बाकीचें त्यांचें त्यांना करूं द्या.